मावळतीकडे पाठ

१

मनोरा जागेवर नव्हता.

बाकी सगळं होतं. पुठ्ठ्याच्या भिंती होत्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या, स्पंजची हिरवी झाडं होती, दारापाशी नखाएवढी माणसंसुद्धा होती. नव्या सार्वजनिक ग्रंथालयाचं हे मॉडेल जुन्या ग्रंथालयाच्या बैठकीच्या खोलीत मोठ्या टेबलावर मांडलेलं होतं. त्यात वाचनालयाच्या छपरावर डोकं काढून उभा असलेला मनोरा, म्हणजे शहराचा नवा दप्तरखाना, तेवढा नाहीसा झाला होता. उरलं होतं एक चौकोनी भोक आणि त्याच्या कोपऱ्यांतल्या बारीक खुंट्या.

"आज दुपारी बैठक," ठकी म्हणाली, "आणि आजच हा गेला. मावशी, मला आता रडायचाही कंटाळा आलाय."

ठकी हे तिचं घरातलं नाव. बाहेर ती आर्किटेक्ट मॅडम होती आणि हे ग्रंथालय तिने रेखलं होतं. शेजारी चष्मा पुसत उभी असलेली तिची मावशी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अख्खं गाव त्यांना बाईच म्हणे. जुन्या ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात त्या मुलांचा चित्रांचा वर्ग घेत. आजही त्या रंग कालवायला म्हणून आल्या होत्या आणि भाचीची हाक ऐकून इकडे धावल्या होत्या.

ठकीच्या वैतागाला कारण होतं. समितीने आधी जिना हलवायला लावला, मग छप्पर, मग मुख्य दार उगवतीच्या रस्त्यावरून उचलून मावळतीच्या रस्त्यावर नेलं, कारण तो रस्ता मोठा. कितवा बदल ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. कालच तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आता आणखी एक जरी बदल निघाला तर मी हे काम सोडते. दुसरा कोणीतरी शोधा."

आज मंजुरी मिळाली नाही तर जागा वाहनतळाला जाणार अशी बोलवा होती. मग शहराचे जुने कागद, जन्माच्या नोंदी, जमिनींचे नकाशे, सगळे या इमारतीच्या ओलसर तळघरात बुरशी खात पडणार.

"काल शेवटचं कोणी पाहिलं मनोऱ्याला?" बाईंनी विचारलं.

"कंपासने. संध्याकाळी फोटो काढायला आला होता. तेव्हा होता म्हणतो."

कंपास म्हणजे ठकीचा भागीदार. उंच, लांब टांगांचा. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं.

"किल्ल्या कोणाकडे?"

"अध्यक्षांकडे, तळघरातल्या दप्तरदारांकडे आणि आमच्या ऑफिसात."

बाई खाली वाकल्या. एकही खुंटी मोडली नव्हती. मग त्यांची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे वाचायचा दिवा होता. तो नेहमी कोपऱ्यातल्या कपाटावर असायचा. कोणीतरी तो मॉडेलच्या दारापाशी आणून, त्याची मान पार टेबलाला टेकेल इतकी वाकवून ठेवली होती.

"ठके," बाई हळूच म्हणाल्या, "चोराला उजेड हवा असेल तर तो दिवा उंच धरेल. हा इतका खाली कशाला?"

२

अध्यक्ष आले ते हसतच.

"अरे वा! मोकळं मोकळं वाटतंय की!" त्यांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली. "मनोरा काढलात? झकास. मी पहिल्यापासून म्हणतोय, जुने कागद कोण बघतं? तिथे समारंभाचा हॉल करा. चार माणसं येतील, चार पैसे येतील."

ठकीने ओठ घट्ट मिटले. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"तू काढलास का रे?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष एके काळी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत. समितीत त्यांचा दरारा होता, पण बाईंपुढे आजही त्यांचे हात आपोआप पाठीमागे जात.

"मी? बाई, काहीतरीच काय!"

"तुला मनोरा नकोच होता."

"नको होता, म्हणून काय चोरू? समितीत निम्मे हात माझ्या बाजूने वर होतात. बैठकीत उघड काढला असता की!" मग जरा दुखावल्या आवाजात, "शाळेतही पेन्सिल हरवली की तुम्ही आधी माझ्याकडेच बघायचात."

"कारण ती तुझ्याकडेच सापडायची."

ठकीला त्या वैतागातही हसू फुटलं. अध्यक्षांनी विषय बदलायला म्हणून मॉडेलच्या छपराची कड धरली. "हे सगळं निघतं वाटतं?" म्हणत त्यांनी ती ओढली. टक्कन आवाज झाला आणि छपराचा कोपरा त्यांच्या बोटांत आला.

"अहो!" ठकी ओरडली. "ओढायचं नाही! खुंट्यांवर बसवलंय, सरळ वर उचलायचं!"

"मग तसं लिहून ठेवा ना," अध्यक्ष पुटपुटले आणि कोपरा हळूच झाडामागे ठेवून निघून गेले.

बाई त्या मोडक्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. "याने मनोरा नेला असता तर अर्धी इमारत बरोबर गेली असती. ज्याने नेला त्याला खुंट्या ठाऊक होत्या."

"मावशी, खुंट्या फक्त आमच्या ऑफिसला ठाऊक आहेत." ठकी थबकली. "आणि दप्तरदारांना. त्यांना मी स्वतः एकदा उचलून दाखवला होता. आणि काल ते माझ्याशी कडकडून भांडलेत."

३

तळघरात पाऊल टाकताच बाईंना शिंक आली.

"आशीर्वाद समजा," दप्तरदार अंधारातून म्हणाले. "इथे येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत असंच होतं."

ते एका जुन्या नकाशाला टीपकागद लावत बसले होते. भिंतींना पोपडे आले होते, कपाटांखाली विटा होत्या, म्हणजे पाणी आलंच तर पहिला कप्पा वाचावा. मनोरा गेल्याचं बाईंनी सांगितलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

"गेला तर गेला. तो पुठ्ठ्याचा होता. माझे कागद खरे आहेत, आणि ते रोज थोडे थोडे जातायत. त्यांच्यासाठी कोणी धावत येत नाही."

"काल ठकीशी भांडलात?"

"भांडलो. काम सोडते म्हणाली म्हणून भांडलो. तिला म्हटलं, तुम्ही वैतागून सोडून जाल, मग मी या कागदांना घेऊन कुठे जाऊ?" आता त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी आयुष्यात एकच गोष्ट मागितली. कागदाला ओल नको आणि ऊन नको. ओल कुजवते, ऊन भाजून काढतं. आणि संध्याकाळचं आडवं ऊन सगळ्यात वाईट, ते थेट आत घुसतं. तुमच्या भाचीने पहिलं चित्र काढलं तेव्हा कंपासने मला ऑफिसात नेऊन दाखवलं. भिंतीवर लावलंय त्यांनी. मनोऱ्याची पाठ मावळतीकडे. जाड, दुहेरी भिंत, एक खिडकी नाही. खिडक्यांचा सज्जा उगवतीकडे. म्हणाला, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसून कागद तपासा, दुपारनंतर इमारतच तुमच्या वतीने उन्हात उभी राहील."

"छान बोलला."

"त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं इथे शिंकतोय."

बाई जिन्याकडे वळल्या. हा माणूस मनोरा लपवणं शक्य नव्हतं. बुडणाऱ्याने होडीला भोक पाडावं तसं झालं असतं ते. पण मग उरलं कोण? ठकी स्वतः, आणि तिचा भागीदार. दोघांनाही आज मंजुरी हवी होती.

की एकाला नको होती?

४

ठकीचं ऑफिस रस्त्यापलीकडे, वरच्या मजल्यावर होतं. कंपास टेबलामागे बसला होता आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन होता. टेबल रिकामं पडलं होतं.

"जेवतोस का? मी थांबते."

"नाही, बाई. भूक नाही."

"मग पिशवी खाली ठेव ना."

"असू दे. हलकीच आहे." असं म्हणताना त्याने पिशवीखाली दुसरा हातही दिला.

बाईंनी खुर्ची ओढली. "फोटो दाखव बघू कालचे."

"फोटो..." कंपासने खिडकीबाहेर पाहिलं. "नीट आले नाहीत. पुसून टाकले."

"दिवा तू आणलास का टेबलावर?"

"हो. ठकीला संध्याकाळच्या उजेडात इमारत कशी दिसेल ते बैठकीत दाखवायचं होतं. म्हणून दिवा खाली केला." तो घाईने पुढे म्हणाला, "बाई, मला वाटतं आजची बैठक पुढे ढकलायला सांगावी. मॉडेलच नाही तर दाखवणार काय? पंधरा दिवसांत मी नवा मनोरा करतो. ठकीला तुम्ही समजावा, तुमचं ऐकते ती."

"ती कोणाचं ऐकत नाही. पण तुला चोर कोण ते जाणून घ्यायचं नाही?"

"चोर कोण यापेक्षा बैठक महत्त्वाची."

"मला वाटलं, बैठक महत्त्वाची असेल तर ती आज व्हावी असं तू म्हणशील."

कंपासचे कान लाल झाले. बाईंनी नजर फिरवली. समोरच्या भिंतीवर सगळीकडे रंग पिवळट पडला होता, एक आडवा चौकोन मात्र स्वच्छ पांढरा होता. त्याच्या वर एक खिळा.

"इथलं चित्र कुठे गेलं?"

"काच तडकली होती. दुरुस्तीला दिलंय."

"कधी?"

"आज... सकाळीच."

बाई उठल्या. दारातून त्यांनी वळून पाहिलं. कंपासही उठला होता, खिडकी लावायला. पिशवी त्याने छातीशी धरली होती, सरळ, जराही न कलवता. दप्तरात बेडूक घालून आणलेलं पोर वर्गात शिरताना नेमकं तसंच चालतं. अशी कितीतरी पोरं बाईंनी पाहिली होती.

मनोरा कुठे आहे ते त्यांना कळलं. पण का, ते काही केल्या कळेना.

५

बाईंना स्वतःचाच राग येऊ लागला. बैठक तोंडावर आली होती. मुलांच्या कोपऱ्यात येऊन त्या छोट्या स्टुलावर बसल्या. समोर भिंतीवर मागच्या वर्गात केलेली फुलपाखरं लटकत होती. कागदाच्या एका अर्ध्यावर ओल्या रंगाने एक पंख काढायचा, मधोमध घडी घालायची, दाबायची, उघडायची. दुसरा पंख आपोआप उमटतो. मुलं दर वेळी तितकीच थक्क होतात.

एका फुलपाखराच्या डाव्या कोपऱ्यात कोणीतरी सूर्य काढला होता. घडी घातल्यावर तो उजवीकडेही उमटला होता. "बाई, याला दोन सूर्य झाले!" म्हणून वर्ग किती हसला होता! बाईंनी तेव्हा समजावलं होतं, "कागदावर होतात बाळांनो, आकाशात होत नाहीत."

बाई ताडकन उठल्या. स्टूल पडलं.

त्या बैठकीच्या खोलीत गेल्या. भिंतीवर समितीसाठी नव्या आराखड्याचं मोठं चित्र लावलं होतं. त्यात मनोरा होता. त्यांनी चष्मा सावरून पाहिलं. मुख्य दार मावळतीला. आणि मनोऱ्याचा खिडक्यांचा सज्जा, तो दाराच्याच बाजूला होता, वाचनालयाच्या छपरावरून थेट मावळतीकडे बघत. जाड आंधळी भिंत मागे, उगवतीला.

दिवा अजून तिथेच होता, दारापाशी, मान खाली घालून.

इथवरच्या खुणा ज्यांनी नीट पाहिल्या असतील त्यांना आता काही सांगायला नको. बाईंनी ठकीला आणि कंपासला बोलावून घेतलं.

६

"कंपास," बाई म्हणाल्या, "पिशवी टेबलावर ठेव."

 त्याने पिशवीतून डब्याऐवजी मनोरा काढला आणि टेबलावर ठेवला. एक खिडकीही चेमटली नव्हती.

ठकी मनोऱ्याकडे झेपावली. "तू? अरे, सकाळपासून मी वेड्यासारखी... तू माझ्यासमोर टेबलाखाली शोधत होतास! गुडघ्यांवर बसून!"

"बैठक पुढे जावी म्हणून नेला."

"का?"

"ते मी सांगते," बाई म्हणाल्या. "काल हा फोटो काढायला बसला. संध्याकाळचं ऊन दाखवायचं म्हणून दिवा मावळतीला ठेवून खाली केला. उजेड मनोऱ्याच्या खिडक्यांतून सरळ आत गेला, जिथे दप्तरदारांचे कागद असणार तिथे. ठके, तुझ्या पहिल्या चित्रात मनोऱ्याची पाठ मावळतीला होती. आता तोंड आहे. याच्या लक्षात आलं आणि याने तुमच्या भिंतीवरचं ते चित्रही उतरवलं, तू शेजारी ठेवून बघशील म्हणून."

"शक्य नाही. मी स्वतः तपासलंय. वाचनालयाची खिडकी उत्तरेला आहे."

"आहे. ती जागची हललीच नाही. तुम्ही दार एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेलंत, ते कसं नेलंत?"

ठकीची नजर भिंतीवरच्या आराखड्याकडे गेली. ती अजून हातानेच रेखाटत असे, पातळ आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग पेपरवर. असा कागद पालथा केला की उजवीकडचं सगळं डावीकडे जातं, आणि रेघा मात्र तशाच सुबक दिसतात.

"कागद उलटला," कंपास खालच्या आवाजात म्हणाला. "त्यावर अक्षरं पुन्हा लिहिली आणि पाठवून दिला. दार या टोकाचं त्या टोकाला गेलं. वाचनालय बरोबर राहिलं, कारण उत्तर-दक्षिण बदललीच नव्हती. बाकी सगळं फिरलं."

"सगळं फिरलं," बाई म्हणाल्या, "सूर्य तेवढा फिरला नाही."

"अरे गाढवा!" ठकीचा आवाज चढला. "इतकी मोठी इमारत आणि तू कागद पालथा करून मोकळा झालास? आणि मला सांगायचं सोडून मनोरा डब्याच्या पिशवीत घालून फिरतोस?"

"सांगणार होतो. पण आणखी एक बदल निघाला तर काम सोडते म्हणालीस. म्हटलं, बैठक पुढे जाऊ दे, मी रात्रंदिवस बसून दुरुस्त करतो, मग सांगतो. तू गेलीस तर हे कोण पुरं करणार?"

"पण कागद उलटायची अक्कल तुला सुचलीच कशी?"

 कंपासने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि बघता बघता ठकीचा चेहरा उतरला. समितीचं ते पत्र आलं तेव्हा तिने पेन्सिल भिंतीवर फेकली होती. आणि ती काय ओरडली होती, तेही तिला आठवलं.

"'कागद उलटा कर आणि दे पाठवून त्यांना,'" ती हळूच म्हणाली. "मीच म्हणाले होते."

"तू रागात म्हणाली होतीस," कंपास म्हणाला. "मी विचार करायला हवा होता."

बाहेर पावलं वाजली. समिती आली होती.

७

ठकीने मनोरा जागेवर बसवला, आत वर्तमानपत्राचा एक तुकडा ठेवला, आणि दिवा अध्यक्षांच्या हातात दिला. "दारापाशी खाली धरा. ही संध्याकाळ."

तुकडा लख्ख उजळला. आतली अक्षरंही वाचता येत होती. मागे उभ्या असलेल्या दप्तरदारांनी एकदम श्वास आत घेतला.

मग ठकीने मनोरा सरळ वर उचलला, अर्धा फिरवला आणि पुन्हा बसवला. आता आंधळी भिंत उजेडासमोर आली. आत अंधार.

"असा असायला हवा होता. आमच्याकडून चुकला," ती म्हणाली.

अध्यक्ष वाकून बघत होते. "पण आता वाचनालयातून मनोऱ्यात जायचं दार या भिंतीवरच आपटतंय."

"हो. भिंतीत दार पाडावं लागेल, सज्ज्याचा जिना पलीकडे न्यावा लागेल. आराखडा नव्याने करावा लागेल."

"म्हणजे आणखी बदल?"

"आणखी बदल. या वेळी माझा."

समितीत कुरकुर उठली. कोणी घड्याळ बघितलं, कोणी हॉलचा विषय काढला. ज्यांनी आजवर मनाला येईल तेव्हा भिंती हलवल्या होत्या, त्यांना हा एक बदल भलताच जड वाटू लागला. ठकी मुठी आवळून ऐकत राहिली. शेवटी अध्यक्षांनी बाईंकडे एक चोरटी नजर टाकली आणि घसा साफ केला. "पुढच्या बैठकीपर्यंत जागा राखून ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

म्हणजे मंजुरी मिळाली नव्हती. कंपासला चोरी करून जे हवं होतं तेच खरं बोलून मिळालं होतं, आणि आनंद कोणालाच झाला नव्हता.

दप्तरदार जिन्याच्या तोंडाशी थांबले. "कागदांना वाट बघायची सवय आहे, मॅडम. मला नाही. पण बघतो." आणि ते शिंकत खाली गेले.

ऑफिसात परतल्यावर कंपासने कपाटामागून ते पहिलं चित्र काढलं. काच शाबूत होती. खिळ्याला अडकवताना त्याचा हात जरा घुटमळला.

"सरळ लाव हं," ठकी म्हणाली.

दारात उभ्या बाईंनी विचारलं, "मग? सोडतेस का काम?"

ठकीने टेबलावरचा ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवून दिला. तिने बाह्या सरसावल्या, पेन्सिलीला टोक काढलं.

"कंपास, जाड कागद आण. पलीकडून काही दिसणार नाही असा."